ऑफ झालं की!

माझं माहेर पेठ वडगावचं, दिलं कबनूरला, यंत्रमागाच्या खडखडाटात. आता लेकीकडं मंगळवार पेठेत असतोय. मी बाईमाणूस, पण आमच्याकडं बायका बी आलो-गेलोच म्हणतोय, हसू नगा पावणं.

शाळा चौथीच, इंग्लिश म्हंजे एकच शबुद येतोय, ऑफ. लाईट ऑफ, फोन ऑफ, आठवड्याची सुट्टी ती बी ऑफ, सासू फुगून बसली तर तिचा मूड ऑफ. आणि माणूस मेलं तरी ऑफच, मेला म्हणाय जीभ रेटत न्हाय, म्हणून अमका ऑफ झाला म्हणायचं. एवढ्याशा शबदात एवढं कुणी कोंबलं काय म्हायती.

आमचं ह्ये, म्हंजे नवरा, माग चालवायचं. एकदा पाळीवरनं येळंत आलं न्हाईत, फोन लागंना, म्हणून कारखान्यात लावला. तिथला हिशेब बघणारा दिवाणजी नवा हुता, म्हणला, ते मघाशीच ऑफ झालं की. त्येला म्हणायचं हुतं पाळी सुटली. काय सांगू तुम्हाला, असला हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली, सासूनं ऊर बडवून घेतला. एवढ्यात ह्ये मटणाची पिशवी घेऊन दारात. गर्दी बघून त्येंचाबी धीर सुटला, रडतच इचारतात, कोण गेलं गं? मी म्हणलो, तुम्हीच की!

मग काय, सगळा कारखाना हसला, मीबी हसलो. तवापास्नं पाळी सुटली की सोताच फोन करायचं, ऑफ झालो गं, जित्ता हाय, काय आणू येताना? मी म्हणायचो, कोथमीर आणा. बरीच वर्सं असंच चाललं.

औंदा दिवाळीच्या तोंडावर फोन आला, त्योच दिवाणजी. मागाजवळच ह्येंच्या छातीत कळ आलती, दवाखान्यात नेस्तोवर खेळ खलास, ह्ये मला मागनं कळलं. फोनवर त्यो एवढंच म्हणला, वैनी, ह्ये ऑफ झालं. मी हसलो हो पावणं. म्हणलो, बरं, येताना कोथमीर आणा म्हणावं. तिकडनं त्यो ढसाढसा रडाय लागला, तरी मला कळंना, मी आपला कढईत तेल टाकतोय.

आता ह्या घरात मी कुणाला ऑफ म्हणू देत न्हाय. नातीला सांगतोय, बाई गं, लाईट बंद कर म्हण. घ्या, च्या घ्या, निवतोय. तुमचं सगळं चालू ऱ्हाऊंद्या, पावणं.