शुक्रवारचा टाइम

मैनाबाई : सतरावी म्हंजे मागून कितवी?

पुंडलिकराव : मागून मोजाले काय झालं तुले? पुढून मोज.

मैनाबाई : पुढून मोजता मोजता आपली मोरांडीची गाडी येतच नाही.

खेमसिंग : वीस गाड्या हायेत भाबी. मागून चौथी. आमची स्टाल्बर्ग पह्यली. आमाले मोजाचं कामच नाही.

पुंडलिकराव : खेमसिंग, तू लोकाच्या टीव्हीवर रेस पाह्यतं, लोकाचा चहा पेतं, अन वरून आपल्या गाडीचा डौल सांगतं. तुह्या तांड्यात टीव्ही नाही काय?

खेमसिंग : हाय ना पाटील. पन त्याच्यावर बसंती सासा-सुनाचे भांडनं पाह्यते. मी एक डाव म्हनलं, जरा रेस लाव. तं म्हने, गोल गोल फिरून जिथून निघाले तिथंच येते, हे काय पाह्याचं? मी म्हनलं, तुह्या सिरियलचं काय वेगळं हाय? मंग त्या दिवसापासून शुक्रवारी मी तुमच्याकडं.

पुंडलिकराव : मंग पाह्य चुपचाप. अन हे प्रॅक्टिस हाय. शुक्रवारचा टाइम खरा नसते. टीममधल्या आपल्या अक्षयनं मले फोनवर नीट समजावून सांगतलं. आपले पोट्टे गाडी तेलानं भरून पळवून राह्यले. तुह्या स्टाल्बर्गमधी चमचाभर टाकलं असन.

खेमसिंग : दर शुक्रवारी तुमची गाडी तेलानं भरलेली रायते. अन इतवारी?

पुंडलिकराव : इतवारी काय?

खेमसिंग : इतवारी बी सतरावीच रायते. तवा कायनं भरते?

मैनाबाई : चाकाले पट्टा कोनता हाय?

पुंडलिकराव : पांढरा. पांढरा म्हंजे कडक रबर. लई टिकते, पन रस्ता धरत नाही. लाल पट्ट्याचं नरम, ते रस्ता धरते अन लवकर झिजते. स्टाल्बर्गनं लाल लावलं, दिसून राह्यलं ना तुले? मंग कायले उड्या मारतं?

खेमसिंग : मी बसूनच हावो पाटील.

मैनाबाई : मोडीवर पाह्या कशी करते. थो बिचारा ड्रायव्हर वयवते, अन गाडी सरय जाते. गेली पाह्या गवतात.

खेमसिंग : वजन बराबर नाही तिचं. आमचे आजे लदेनीवर जायचे, बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोन्या लादून. एका बाजूची गोनी जराशी जड झाली का बैल रस्ता सोडे. मंग थांबा, उतरवा, पुन्हा लादा. थ्याले म्हनते सेटिंग.

पुंडलिकराव : पाठव मंग आजाले तिकडं इंजिनेर म्हनून.

मैनाबाई : ते कवाचेच वारले ना.

पुंडलिकराव : म्हनूनच तं पाठव म्हनून राह्यलो.

मैनाबाई : चुप बसा दोघंही. गाडी गॅरेजमधी चालली. आवाज वाढवा.

पुंडलिकराव : इंग्रजी हाय ते. वाढवून काय समजनार तुले?

मैनाबाई : बोलनं नाही समजत. पन मागून नट आवळल्याचा आवाज येते, थो समजते. खेमसिंगभाऊ, तुमी जरा बाजूले सरका. थो. मागच्या डाव्या चाकापाशी. थो अक्षय.

खेमसिंग : कोनता? साऱ्याईच्या डोक्यात टोप, साऱ्याईच्या तोंडाले फडकं. एकाच मायचे लेकरं दिसून राह्यले.

मैनाबाई : एक गुडघा टेकला, दुसऱ्यावर कोपर ठेवलं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट पाहे, तवा असाच बसे.

पुंडलिकराव : वरनाची वाट.

मैनाबाई : बुंदीची. वरनाची वाट त्यानं कवा पाह्यली?

खेमसिंग : आता ध्यानात आलं. मी रोज इचार करो का भाबी इतवारची रेस अर्ध्यात सोडून भाकरी टाकाले जातात, अन प्रॅक्टिस मात्र दळण सोडून पाह्यतात. काहून?

मैनाबाई : रेसमधी चाक बदलाले पापनी लवते तेवढाच वेळ. पदर सावरला का गेला पोरगा. प्रॅक्टिसमधी गाडीचं कायी बिनसलं का मंग खोलून बसतात अर्धा अर्धा घंटा. जितकी गाडी बिघडते, तितका पोरगा दिसते. यात समजाले काय लागते?

खेमसिंग : मंग यंदा तं तुमी लई पाह्यलं असन त्याले.

मैनाबाई : पोट भरून.

पुंडलिकराव : मागचा पंख खोलून राह्यले ते. म्या कालच म्हनलं होतं. पंख उभा हाय. उभा पंख गाडीले जमिनीवर दाबून धरते, पन सरय रस्त्यावर वारा आडवा येते. आडवा केला का गाडी सुटते.

मैनाबाई : सूप हाय थे. वाऱ्यासमोर सूप उभं धरलं का वारा हातच मागं लोटते, आडवं धरलं का निंघून जाते. येवढं सांगाले अक्षयचा फोन कायले पायजे तुमाले?

पुंडलिकराव : सूप नाही ते. कार्बन फायबर हाय.

मैनाबाई : असन. सुपाचं काम करते ना?

खेमसिंग : पाटील, मालकाचं तेच हाय काय अजून? परवा मोरांडी पह्यल्या दहात आली तं टीम राह्यते, नाही तं कुलूप?

पुंडलिकराव : तेच हाय.

खेमसिंग : अन कुलूप लागलं तं अक्षय?

मैनाबाई : तं दिवाईले घरी. कळंबले ष्टँडापाशी जागा पाह्यून ठेवा म्हनला, गॅरेज टाकतो. अन टीम राह्यली तं त्याचं तीन वर्साचं काम पक्कं. तिकडंच.

खेमसिंग : म्हंजे गाडी पळाली तं पोरगा गेला, अन गाडी बसली तं पोरगा आला.

मैनाबाई : तुमी समजलात. हे तुमचे पाटील नाही समजत. हे आपले सकाईपासून गाडी पळाले पायजे, गाडी पळाले पायजे. तेल भरलं, पंख उभा केला. पोरगा घरी यावा, असं एक डाव तोंडातून निंघालं नाही.

पुंडलिकराव : बापानं पोराच्या गाडीले मागं पड म्हनाव काय? लोक काय म्हनतीन?

मैनाबाई : लोकाईले तं गाडीच माईत नाही. कळंबच्या चिंतामणी गणपतीलेही जाऊन हेच सांगून आले असान. पोरगा तिकडंच ठेव म्हनून.

खेमसिंग : भाबी, चहा द्या जरासा.

मैनाबाई : आताच तं पेले.

खेमसिंग : अजून द्या.

पुंडलिकराव : तुले काय घाम सुटला रे?

खेमसिंग : मले काई नका पुसू. मी काई ऐकलं नाही. मी तुमाले दोघाईले मोटारसायकलवर कळंबले नेलं अन आनलं, बस. येवढाच माहा गुन्हा.

मैनाबाई : दोघाईले?

पुंडलिकराव : दोघाईले? ही कवा गेलती?

खेमसिंग : अरं याडी, माय वं! आता झाली ना गडबड.

मैनाबाई : सांगा. हे कवा गेलते?

खेमसिंग : तुमी चतुर्थीले. पाटील त्याच्या मागून, बजारच्या दिवशी. सोयाबीनचा भाव पुसाले जातो म्हनून निंघाले, अन गाडी मंदिराकडं घे म्हनले.

मैनाबाई : अन काय मागतलं देवाले?

पुंडलिकराव : सांगू नको. नवस सांगतला का बाद होते.

मैनाबाई : व्हईन तं व्हईन. बोला तुमी खेमसिंगभाऊ.

पुंडलिकराव : त्याले काय माईत? म्या हळू बोललो देवापाशी.

खेमसिंग : पाटील, तुमाले ऐकू कमी येते. तुमच्या हळू बोलन्यानं पुजाऱ्यानं पोथी बंद केली. खाली कुंडापाशी पाय धुनाऱ्या बाया वर पाहाले लागल्या.

मैनाबाई : बोला.

खेमसिंग : म्हनले, देवा चिंतामणी, अपघात नको, आग नको, कोनाले खरचटलं बी नाही पायजे. ड्रायव्हर दोघंही गुनाचे पोट्टे हायेत, त्याईले सुखी ठेव. नुसती गाडी मागं ठेव. लई मागं नाही. अकरावी चालते, म्हनले.

मैनाबाई : अकरावी?

खेमसिंग : चालते म्हनले. इज्जतही रायते.

मैनाबाई : अन इथीसा बसून तेल भरलं, तेल भरलं?

पुंडलिकराव : तेल भरलेलंच हाय. प्रॅक्टिसचं अलग, नवसाचं अलग.

मैनाबाई : अहो, पन काहून?

पुंडलिकराव : तुह्यासाठी. तुले करमत नाही.

मैनाबाई : म्या कवा म्हनलं करमत नाही?

पुंडलिकराव : कायीच म्हनत नाही तू, म्हनून तं.

मैनाबाई : माह्या नावावर ढकलू नका. सकाई उठून त्याच्या जुन्या गाडीले कोन किक मारते? तिचे चाकं तरी फिरतात काय आता?

पुंडलिकराव : इंजिन जाम होते, म्हनून मारतो.

खेमसिंग : पाटील, तिच्यात पेट्रोलच नाही.

पुंडलिकराव : तुले कोन पुसलं? अन हिनं काय मागतलं ते सांग आता. हिचं बी ऐकलंच असन तू. कान काय घरी ठेवून गेलता?

खेमसिंग : भाबीनं बोलून नाही मागतलं. कुंडाच्या पायरीवर बसून एक ओवी म्हनली. मले वाटलं, अशीच म्हनून राह्यल्या. मंग मोरांडीचं ध्यानात आलं.

पुंडलिकराव : म्हन.

खेमसिंग : मले भाबीसारखी चाल नाही येत.

पुंडलिकराव : बिनाचालीची म्हन.

खेमसिंग :
चिंतामणी देवा माह्या, तुह्या कुंडात पानी नियं
माह्या लेकाच्या हातचं, चाक फिरू दे मोकयं

पुंडलिकराव : मोकयं?

खेमसिंग : मोकयं. दुसरी बी हाय, तिच्यात पोराले चिडी, म्हंजे चिमनी म्हनलं.
गाव दूर, देस दूर, दूर गेली माही चिडी
नको आनू हरलेली, जितू दे रे तिची गाडी

पुंडलिकराव : अवं, पन तुले तं पोरगा घरी पायजे.

मैनाबाई : पायजेच.

पुंडलिकराव : मंग गाडी जिंकली तं थो कसा येईन?

मैनाबाई : तुमाले आठोते काय, दारव्ह्याहून कबड्डी हरून आला होता? शेवटच्या चढाईत त्याचाच पाय रेषेवर पडला. आठ दिवस गोठ्यात निजला. घरात जेवाले येये, अन ताटाशी बोले. आता सारी टीम हरून आला तं कोठी निजन? आता आपल्याकडं गोठाही नाही.

पुंडलिकराव : गोठा मीच मोडला. ट्रॅक्टर ठेवाले.

मैनाबाई : हाव ना. म्हनून म्या त्याले बोलावलंच नाही. येईन तवा हसत येईन. नाही आला तं टीव्हीवर गुडघा टेकून बसलेला दिसन. दिसते ना?

पुंडलिकराव : दिसते.

मैनाबाई : मंग.

खेमसिंग : आता दोघाईचेही नवस बाद झाले. चिंतामणी सुटला बिचारा.

पुंडलिकराव : कायनं सुटला?

खेमसिंग : एकाच गाडीले एकजन पुढून वढते, एकजन मागून धरते. आता समजलं मले, मोडीवर गाडी सरय काहून जाये. वजन बराबरच होतं पाटील. दोन्ही गोन्या तुमच्या घरच्या होत्या.

(टीव्हीवर मोरांडीची गाडी गॅरेजमधून बाहेर पडते.)

मैनाबाई : पट्टा?

खेमसिंग : लाल.

पुंडलिकराव : तेल काढलं त्याईनं. पंखही आडवा केला. थोडासाच, पन केला.

मैनाबाई : आली मोड. वयव बापा, वयव. वयली! पाह्या, वयली.

खेमसिंग : तिकडची मोड बी काढली. सरय रस्त्यावर तं सुटलीच पाटील. नववी.

पुंडलिकराव : कितवी?

खेमसिंग : नववी. मोठ्यानं सांगू काय? नववी.

पुंडलिकराव : ऐकू आलं मले.

खेमसिंग : आमची तिसऱ्यावर घसरली. कोनी पुसा तरी.

मैनाबाई : कशी हाय तुमची गाडी, खेमसिंगभाऊ?

खेमसिंग : तेलानं भरली हाय भाबी.

पुंडलिकराव : गॅरेज नाही दाखवून राह्यले आता.

मैनाबाई : कायले दाखवतीन? गाडी चांगली पळून राह्यली.

पुंडलिकराव : चांगलं हाय. त्याच्याच हातचं चाक हाय ते, मागचं डावं. चांगलंच हाय. तीन वर्सं म्हंजे काय, आता जातीन.

मैनाबाई : चहा घ्या. शुक्रवार हाय अजून.