काचेवरचा तपकिरी ठिपका

नाही, तुम्हीच सांगा, खंडेनवमीला हत्यारं पुजायची, यंत्रं पुजायची, सगळं कबूल... पण पुजायच्या आधी घासायचं ते किती? आणि काय काय? तो डाग नव्हता हो!

तुम्हाला सांगते, नगरला आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, एका काचपट्टीवर टिकलीएवढा तपकिरी ठिपका होता. माझी चार वर्षं होती ती! लोखंडाच्या ऑक्साइडचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. असा कण एकटा असला ना, की नुसत्या खोलीतल्या उबेनं त्याचं चुंबकत्व दिशा बदलत राहतं, आत्ता इकडे, आत्ता तिकडे, निवडणुकीतल्या कार्यकर्त्यासारखं! पण तेच कण जवळजवळ, नीट रांगेत बसवले तर एकमेकांना धरून ठेवतील, एका दिशेला टिकतील... हे मला मोजून दाखवायचं होतं. जगाला. नगरमधून!

आणि बसवायचे कसे? हातानं थोडेच बसतात! द्रावणाचा थेंब टाकायचा, वर झाकण ठेवायचं आणि तो हळूहळू वाळू द्यायचा. पंखा लागला, रांग मोडली. बाहेरून डीजे गेला, रांग मोडली. किती थेंब वाया गेले! शेवटी एक जमला. सूक्ष्मदर्शकातला फोटो बघून सत्यशीला मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, ज्या कुणाचं कधी कौतुक करत नाहीत, त्या म्हणाल्या, "निकिता, रांगोळी काढलीस गं!"

सोमवारी पुण्याच्या यंत्रावर मोजायची पाळी, त्याच आठवड्यात फेलोशिप संपणार, बाटलीतलं द्रावण संपलेलं. सगळं त्या एका ठिपक्यावर... आणि मी कुठं? मार्केट यार्डात, पूजेसाठी झेंडू निवडत!

परत येते तर आमचे लॅबमधले गहिनीनाथमामा दारातच उभे. "ताई, बघा की, कशी लख्ख! गंज चढला हुता. चिंच लावून घासला. लई चिवट!"

"मामा, चिठ्ठी होती ना वर, हात लावू नका म्हणून?"

"मंग! हात कुठं लावला? ब्रश लावला की!"

तो डाग नव्हता हो! पण भांडू तरी कशी? रसायनशास्त्राच्या हिशेबानं तो गंजाचा भाऊबंदच! आणि नवरात्राचा उपास धरलेला तो माणूस, अनवाणी, सगळ्या यंत्रांच्या मधोमध माझी कोरी काच मांडून, तिला झेंडू वाहून म्हणतो, "औंदा तुमचंच काम आधी पुजलं. कवाची राबतीया पोरगी." मी ओरडायला तोंड उघडलं... आणि त्यांनी त्यात पेढा घातला! मी ढसाढसा रडले. मामा सगळ्यांना सांगतात कसे, "ताईचं मन भरून आलं."

पाळी गेली. फेलोशिप गेली. आता मी राहुरीला क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना चुंबकाची दोन टोकं शिकवते. दिवाळीत मामांचा फोन. "ताई, मोजलं का? धरून ऱ्हायले का कण?"

काय सांगायचं, सांगा ना? म्हटलं, "राहिले, मामा."

तेवढंच चुकलं. कारण आता प्रयोगशाळेत नवीन संशोधक आला, की मामा आधी चिंच भिजत घालतात!