दुष्काळवाल्यांचा सप्ताह

सगुणाबाई : या मुकादम, असे जवळ बसा. शेड रिकामी कराया आलात, तर आधी एक गोष्ट ऐका. ह्याच शेडची हाय.

धोंडीराम : गोष्ट कसली, सगुणाबाई? कालच सांगितलं ना, आज ट्रक येणार. साहेबांचा हुकूम आहे.

सगुणाबाई : गेल्या साली लढाईपाई बंगालची माणसं नाशकात आली, तवा ह्याच पत्र्याखाली उतरली व्हती. घोंगड्या दिल्या, दूध दिलं, डॉक्टर बसवला.

धोंडीराम : ते निर्वासित होते. घरंदारं जळालेली. त्यांच्यासाठी आडोशाचे तट्टे मीच बांधले.

सगुणाबाई : चांगलं केलंत. आमच्या गावानंबी त्यांच्या मदतीसाठी टपालाच्या पाकिटावर सरकारचं जादाचं तिकीट लावलं, कुणी कुरकुरलं नाय. मंग आम्ही कोण?

धोंडीराम : दुष्काळी. तुमच्यासाठी सरकारनं गावाकडं खडी फोडायचं काम काढलंय.

सगुणाबाई : काम हाय, पाणी कुठंय? विहिरीत उतरलं तर पायाला गाळबी लागत नाय. त्यांचं गाव बंदुकीनं गेलं, आमचं उन्हानं. परत जाऊन काय खडी प्यायची?

धोंडीराम : मला पटतं हो. पण दुष्काळाला कॅम्प नियमात बसत नाही. चला, उठा.

सगुणाबाई : उठता येत नाय. सकाळीच नामसप्ताह मांडलाय.

धोंडीराम : सप्ताह? इथं?

सगुणाबाई : ते बघा, पुंजारामबाबा वीणा घेऊन उभे. तुमच्या गळ्यात माळ हाय, तुम्हीच सांगा. सप्ताह संपंस्तोवर वीणा भुईला टेकते का?

धोंडीराम : नाही टेकत. आणि सात दिवसांनी?

सगुणाबाई : दुसरा मांडू. पाऊस येईस्तोवर देवाला कुठं जायचंय?

पुंजाराम : सगुणे, पोटात काय नाय, आता उभं ऱ्हावत नाय. कुणीतरी घ्या गं.

सगुणाबाई : गडीमाणसं सारी काम शोधाया सातपूरला गेलीत. मुकादम, घ्या जरा.

धोंडीराम : मी ड्यूटीवर आहे, बाई.

सगुणाबाई : मंग पडू द्यायची का?

धोंडीराम : असं बोलू नका. आणा इकडं, बाबा. तुम्ही बसा.

(बाहेर ट्रकचा भोंगा.)

धोंडीराम : फकिरा, भोंगा बंद कर. ट्रक मागं घे. साहेबांना सांग, मुकादम वीणेच्या पहाऱ्याला उभा आहे. दुसरा कुणी घेईपर्यंत हलत नाही.

सगुणाबाई : बोलणी बसतील तुम्हाला.

धोंडीराम : बसू देत. पुढच्या पहाऱ्याला साहेबांनाच बोलावतो.

सगुणाबाई : मंग एक मागते, दादा. ही वीणा आमच्या बहिरूभाऊजींनी गावावरनं चालत आणली. वाटेत चक्कर आली, तरी भुईला लावली नाय. बाभळीला अडकवली, मंगच खाली बसले. ते उठलेच नाय. त्यांना कुणी निर्वासितबी म्हटलं नाय, दुष्काळीबी नाय. तुम्ही उभे आहात तवर त्यांची आठवण ठेवा.