पुलीला सगळे एका खोलीत लागतात

...नाही, पण मला सांगा, माणसाने स्वतःच्या घरात स्वतःच्या खोलीचं दार लावून बसायचं नाही म्हणजे काय? फार मोठी मागणी आहे का ही? मागच्या अंगाला एक खोली, एक टेबल, एक खिडकी आणि मी, बस. मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, मी साचा करतो, साच्यावर मेण चढवतो आणि मेणात एकेक दात बसवतो, आणि मेण गरम आहे तोवरच दात बसतो, तेव्हा हात हलून चालत नाही, डोकंही हलून चालत नाही, म्हणून दार लागतं. तर ते दार मेहुणा आल्यापासून मला लावता आलेलं नाही. मेहुण्याला मी बोल लावत नाही हं, बिचाऱ्याची नोकरी गेली, बहिणीकडे आला, चार दिवस राहतो म्हणाला, म्हटलं राहा. पण येताना कुत्री घेऊन आला ना...

पुली म्हणतात त्या जातीला. तुम्ही पाहिली नसेल, मीही पाहिली नव्हती. अंगभर नुसत्या जटा, चालायला लागली की वाटतं घरातलं पायपुसणं फिरायला निघालं. मूळची मेंढ्या राखणारी जात. मी म्हटलं, अरे बाबा, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, मेंढ्या कुठून आणू? तर हा म्हणतो, "जात हुशार आहे, दाजी. शिकवाल ते शिकते."

आता खोटं कशाला बोलू, शिकते. 'बस' म्हटलं, बसली. 'थांब' म्हटलं, थांबली. मोजे आणून देते, तेसुद्धा जोडीने, जे आमच्या घरात अजून कोणालाच जमलेलं नाही. पण हे सगळं कधी? तर घरातली सगळी माणसं एका खोलीत असतील तेव्हा. बायको स्वयंपाकघरात, मेहुणा हॉलमध्ये आणि मी मागे, असं झालं की हिच्या जिवाची नुसती घालमेल. आधी येऊन बघते. मग नाकाने पोटरीला ढकलते. मग टाचेला हळूच दात लावते, चावत नाही हं, चावण्याची आठवण करून देते. आणि तरी नाही उठलात तर भुंकते, आणि काय भुंकते हो, खालच्या मजल्यावर नर्सबाई राहतात, रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्या छताला झाडू ठोकतात, की लगेच आतून बायको, "अहो, या की इकडे जरा, ती गप्प बसेल. काय बिघडतं तुमचं?" काय बिघडतं! एका रिटायर्ड हेडमास्तरांची कवळी करत होतो, पुढचा दात बसवणार एवढ्यात हिने टाच धरली, दात बसला तिरका, आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. उभ्या जन्मात वर्गात न हसलेला माणूस, आता कोणी मेलं तरी हसऱ्या तोंडाने भेटायला जातो.

आणि मेहुणा काय म्हणतो? "बघा दाजी, तुम्ही एकटे पडू नये म्हणून करते ती. जात हुशार आहे." अरे, मला एकटंच पडायचंय!

शेवटी कुत्र्यांना शिकवणारा माणूस बोलावला. शांत माणूस, गळ्यात शिट्टी, पण ती वाजवलीच नाही त्याने. सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "भुंकायला लागली की तुम्ही काय करता?" बायको म्हणाली, "आम्ही सगळे स्वयंपाकघरात जमतो आणि तिला बिस्किट देतो. मग गप्प बसते." मेहुणा म्हणाला, "लगेच बसते." मी बिस्किटांचा डबा हळूच मागे सरकवला, कारण तो मीच उघडायचो. तो माणूस आमच्या तिघांकडे बघून म्हणाला, "म्हणजे हिने माणसं गोळा करायची आणि तुम्ही त्याचा पगार द्यायचा. मग ती काम का सोडेल? कुत्री उत्तम शिकलेली आहे. तुम्हीही बरे शिकलाय."

बिस्किट बंद केलं. ती फुकट काम करायला लागली. आता बोला.

आणि मग एक दिवस, तुम्हाला सांगतो, मेहुण्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. राहायला खोली मिळाली पण तिथे कुत्री चालत नाही, म्हणजे कुत्री आमच्याकडे. चालेल, म्हटलं, एक तरी कमी झालं. पुलीला बाथरूममध्ये कोंडून त्याला बॅगेसकट दाराबाहेर काढला. मग तिला सोडलं आणि मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लावलं.

कोणी ढकललं नाही. कोणी भुंकलं नाही. मेण छान मऊ होतं, दात सरळ बसत होते. आणि माझं मेलं लक्षच लागेना. दार उघडून बघतो तर ही बायकोजवळ गेली, तिला हुंगलं, माझ्याजवळ आली, मला हुंगलं, मग मेहुण्याच्या गादीजवळ जाऊन उभी राहिली, आणि परत बायकोपासून सुरुवात. दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी तेच. वाटीतलं अन्न तसंच. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, एक माणूस हरवलंय असं वाटतंय तिला, आणि हरवलं ते आपल्याच चुकीने असं वाटतंय. आता हे ऐकल्यावर माणसाने काय करायचं? मला वाईट वाटलं. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं. बायको तर ताटावर बसायची आणि नुसती ताटाकडे बघायची, भाऊ गेला म्हणून की कुत्री जेवेना म्हणून, ते मी विचारलं नाही.

मी मेहुण्याला फोन लावला, म्हटलं, बोल तिच्याशी. फोन ठेवला जमिनीवर. आतून त्याचा आवाज आला मात्र, ही ताडकन उठली आणि नाकाने तो फोन ढकलत, ढकलत, हॉलमधून स्वयंपाकघरात नेला आणि बायकोच्या पायाशी लावून ठेवला. मग मला न्यायला आली. आम्ही दोघं आणि तो फोन, तिघं एका खोलीत. तेव्हा जेवली. फोनमधून मेहुणा विचारतोय, "दाजी? दाजी, काय झालं? जात हुशार आहे, काहीतरी सांगत असेल ती." आणि मी, मी स्वतः, कोणी गळा धरला नव्हता माझा, मी फोनला म्हणालो, "तू परत ये."

आला. "नाहीतरी साहेब खडूस होता, दाजी," म्हणाला. येताना तिकडे घेतलेली खाट आणि कपाटही घेऊन आला. हॉलमध्ये कुठे मावणार ते? मागच्या खोलीत लावलं. माझं टेबल इथे, स्वयंपाकघरात, तुम्ही बघताच आहात, एका बाजूला बायकोचे कांदे आणि एका बाजूला माझे दात. दार नाही या खोलीला. कधीच नव्हतं.

आता हळू बोला जरा, आत्ताच डोळा लागलाय पुलीचा. पाणी हवंय का तुम्हाला? माठ तिकडे आहे, तुम्हीच घ्या. माझ्या पावलावर डोकं ठेवून झोपली आहे. डोकं आहे की शेपूट, त्या जटांत मला कळत नाही, आणि वाकून बघावं तर उठेल. म्हणून सकाळपासून बसलोय.