मंडईच्या दिवशीची टेस्ट

—नाही वं मंजू, अशी गच्च नोको भरू. कोरं ठेव थोडं. सकाळपासून झोपेपर्यंत साऱ्या रकान्यात अभ्यासच लिहून राहिली तू — आंघोळ कधी करशील? मेसची रांग धरली का? कपडे धुवाले तुझी माय येईन का केशोरीहून गोंदियाले? नवीन प्लॅनर घेतला की साऱ्यांचं असंच होते, अन् पंधरा दिवसांत तो उशीखाली जाते. अवघड विषय सकाळी ठेवजो. धान रोवण्याचे दिवस तं सरळ काटून टाक — घरी जावंच लागते, अन् चिखलात उभं राहून कोणाचं गणित होत नाही. मले कोणं शिकवलं? भूपेंद्रनं. हो, तोच. येऊनच राहिला तो आता, खाली गेटवर.

काऊन अशी पाहून राहिली? चांगला ड्रेस घातला म्हणून? घालते माणूस. लग्न ठरलं त्याचं, माहीत आहे मले, साऱ्या होस्टेलले माहीत आहे. एकदा समोरासमोर बोलू दे म्हणला, म्हणून चालली. वाईट नाही वं तो, तुम्ही पोरी उगाच त्याले नावं ठेवता. वनरक्षकात लागला, तरी दर रविवारी यायचा, लायब्ररीच्या मागं चहाच्या टपरीवर माझा आख्खा आठवडा आखून द्यायचा. चहा थंडा होऊन जाये, पण पट्टीनं लकीर मारल्याशिवाय कपाले हात नाही लावे. आमची भेटही त्यातच लिहायचा, हिरव्या पेनानं. मी त्या हिरव्या लकिरीसाठी बाकीचे दिवस काढले मंजू, खोटं कायले सांगू. लय जीव होता माझा त्याच्यावर. होता काय — आहे.

मंडईनं घात केला, दुसरं काही नाही. तुमच्या केशोरीतही होतच असन — दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा, घर पाहुण्यांनी भरते, रात्री दंडारीचं नाचगाणं, अन् दंडारीच्या बहाण्यानं पोरगा-पोरगी पाहून घेतेत लोक. तो मले म्हणत होता, नोकरी लागू दे, आमच्या मंडईले तुले घरी नेतो, मायले दाखवतो. नेमकी त्याच दिवशी क्लासची टेस्ट आली. मी म्हणलं, जाऊ दे टेस्ट, मी येते. तं म्हणते कसा — ‘टेस्ट नोको सोडू पुष्पांजली, एकदा शिस्त मोडली की मोडली, मंडई काय, दरसाल येते.’ मले एवढं बरं वाटलं वं! माझ्या अभ्यासाची माझ्या मायपेक्षा त्याले जास्त काळजी. मी गेली नाही. इथं पेपर सोडवत बसली, अन् तिकडं त्याच्या घरी चिचगडचे पाहुणे आले, त्याच्या मायले त्यांची पोरगी आवडली, झालं. तो काय करन? पाहुणे अंगणात बसलेले, माय हो म्हणून मोकळी. अचानकच झालं म्हणते तो. मी त्या दिवशी गेली असती तं — हेच घोकून राहिली मी इतके दिवस.

काय? अचानक नाही? कोण म्हणलं, रेणू? त्याच्या काकाची पोरगी ती, तिले काय, दिवसभर बडबडत राहते. हो, मले बी सांगितलं तिनं — ‘दादा स्वतः गेला होता चिचगडले, मंडईचं बोलावणं द्यायले, जंगलात गाडी पंक्चर झाली, लय हसलो आम्ही.’ हसली नं मी बी. त्यात काय, पाहुण्यांले बोलवाले जातेच माणूस. दसऱ्याची गोष्ट असन ती.

दसऱ्याचीच नं?

थांब. बोलू नोको तू. टेस्ट सोडू नोको हे तं त्यानं मले दिवाळीत सांगितलं, दसऱ्याच्या मागून. आमच्या घरी फराळ घेऊन आला होता, तेव्हा. म्हणजे — थांब नं वं — म्हणजे त्या चिचगडवाल्यांच्या दारात जाऊन, या म्हणून आल्यावर तो मले म्हणला, तू टेस्ट दे. कोण येऊन राहिलं, कायले येऊन राहिलं, सारं माहीत असून. शिस्त म्हणे! अन् मी येडी, टेस्टच्या दिवशी सकाळी त्याले फोन केला, पेपर चांगला जाऊ दे म्हण एकदा, तुझ्या तोंडून ऐकू दे. म्हणला तो. मागं ढोलकी वाजून राहिली होती, अन् तो म्हणला, बिनधास्त लिही.

आला वाटते. त्याचाच हॉर्न आहे. मंजू, तू जा खाली. सांगजो, येत नाही. बस, तेवढंच. काऊन म्हणून विचारलं तं मान हलवजो. रडत होती का म्हणून विचारलं तं नाही म्हणजो.

जा नं वं! अन् इतक्यात परत येऊ नोको.