चौथ्या खांबाचं कुत्रं

भगवानराव : ...अन् त्याच्याखाली माह्या हातानं लिहिलेलं हाये, 'कुत्र्याचा बंदोबस्त झाला.' सही हाये, तारीख हाये. आता अजून काय पाह्यजे तुले, धम्मशीला?

धम्मशीला : वाचलं, काका. पण कोणत्या कुत्र्याचा बंदोबस्त केला तुम्ही?

भगवानराव : कोणत्या म्हणजे? माळावर होते तेवढ्यांचा. या हँगरमधी तीन कुत्रे राहत होते. ट्रॉलीत घातले अन् साखरखेर्ड्याच्या पल्याड सोडून देल्ले. त्यातलं तांबडं चौथ्या दिवशी वापस आलं, तं त्याले पार धामणगाव बढ्याले नेऊन सोडलं. एवढ्या दूर तं मी सख्ख्या साल्याले कधी पोचवाले गेलो नाही.

धम्मशीला : बाबा, रजिस्टरात तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं? वाचून दाखवा बरं.

सहदेव : ल्ह्यलं होतं, 'चौथ्या खांबाचं कुत्रं बसत नाही. खाली माणसाले धोका हाये.' तीन डाव ल्ह्यलं, बाई.

धम्मशीला : आणि त्यावर मालकांचे शेरे?

सहदेव : पयल्या डावाले, 'नसेल बसत तर नको बसू दे. माळावर जागा काय कमी आहे?' दुसऱ्या डावाले, 'कुत्र्याचा बंदोबस्त झाला.' तिसऱ्या डावाले, 'स्वतः जाऊन पाहिले. चौथ्या खांबाजवळ एकही कुत्रे आढळले नाही.'

धम्मशीला : तिसरा शेरा अगदी बरोबर आहे, काका. चौथ्या खांबात कुत्रं नाहीच. तीच तर तक्रार आहे.

भगवानराव : माही मजाक करून राह्यली का तू?

धम्मशीला : नाही. हे विमान आपण या लिफ्टवर उचलून ठेवतो ना, त्याचे चार खांब. वर उचलतं ते तेल. पण वर गेल्यावर धरून ठेवतं ते कुत्रं. प्रत्येक खांबात दातासारखं एक लोखंड असतं, ते खाचेत जाऊन बसलं की तेल उतरलं तरी विमान उतरत नाही. तीन खांबांची बसतात. चौथ्याचं झिजलं, ते बसत नाही.

भगवानराव : हे कुत्रं?

सहदेव : सायकलच्या फ्रीव्हीलमंधी असते तेच, मालक. टर्र टर्र वाजते ते. तुम्ही दहावीत होते तवा अमडापूरले माह्या दुकानात सायकल ढकलत आणली होती. पायडल फिरे अन् सायकल जागच्या जागी. म्या म्हटलं, कुत्रे गेले. तं तुम्ही मांगं वळून पाह्यलं अन् म्हणाले, कुठी गेले?

भगवानराव : ते राहू दे. मंग हे मले तोंडी काऊन नाही सांगतलं?

सहदेव : सांगतलं ना. तुम्ही म्हणाले, हे सायकलचं दुकान नोहे, विमानाचं खातं हाये. हितं तोंडी चालत नाही, लेखी दे.

भगवानराव : बरं, झालं ते झालं. लिफ्टचं पाहू मांगून. धम्मशीला, तू पंधरा दिवसाले नागपूरहून येतं, विमानाच्या कागदावर सही करतं. तशीच या एका चिठ्ठीवर करून दे. म्या टाइप करूनच आणली. 'लिफ्ट सुस्थितीत असून खाली बसण्यास हरकत नाही.' बस, एवढंच.

धम्मशीला : खाली कोण बसणार आहे?

भगवानराव : कोण म्हणजे? तुले कार्ड नाही भेटलं का? उद्या माह्या प्रेरणाचा साखरपुडा. हे घे, वाच. 'शुभस्थळ : विमानाखाली.'

धम्मशीला : विमानाखाली. असं छापलंय?

भगवानराव : चारशे कार्डं वाटून झाले. मांडवात तं कोणीही करते. माही बायको शालू म्हणे, पोरीचा साखरपुडा गोठ्यात करता का. या हँगरले ती गोठाच म्हणते. म्या तिले म्हटलं, गोठा एक अन् विमानं दोन, एक वर अन् एक खाली, असा गोठा जिल्ह्यात दाखव मले. आता खालचं विमान बाहेर वावरात नेऊन उभं केलं. वरचं वरच ठेवतो. त्याच्याखाली पोरगा-पोरगी अन् चाळीस चाळीस माणसाच्या पंगती. पंखावरून झेंडूच्या माळा सोडतो. सोयऱ्यांनी जन्मात पाह्यलं नसंन.

धम्मशीला : मग चिठ्ठी कशाला हवी?

भगवानराव : त्यायच्यात एक भाचा हाये, कोणत्याशा विमानतळावर कामाले. त्यानं फोन केला. म्हणे, मामा, ती लिफ्ट विमानाखाली वाकून काम कराले असते, जेवाले नसते. हिले पास कोणं केलं? म्या म्हटलं, आमच्या घरच्याच इंजिनिअर हायेत.

धम्मशीला : घरच्या?

भगवानराव : म्हणजे घरच्यासारख्याच. तू काय परकी हायेस? तुले शिकू दे म्हणून सहदेवले कोणं सांगतलं होतं? इचार त्याले.

सहदेव : सांगतलं होतं, मालक. तुम्ही म्हणाले होते, पोरीले टायपिंग शिकव.

भगवानराव : सुरुवात तं तीच असते ना बे. हे पाय धम्मशीला, एका दिवसाचा प्रश्न हाये. दोन घंट्याचा. परवा नवं कुत्रं बसव, चार बसव. म्या कधी नाही म्हटलं?

धम्मशीला : लोखंडाला काय माहीत उद्या साखरपुडा आहे? विमान आठ क्विंटलचं आहे, काका.

भगवानराव : आठ क्विंटल म्हणजे सोळा पोते सोयाबीन. एवढं तं माह्या घराच्या माळ्यावर ऱ्हायते. त्याच्याखाली आमी झोपतो.

धम्मशीला : माळ्याला तेल गळत नाही.

भगवानराव : अन् दोन वर्षं झाले, हे विमान वर जाऊन राह्यलं, खाली येऊन राह्यलं. कोणाले खरचटलं नाही.

सहदेव : ते खरं हाये. आकाशात गेलं नसंन तेवढ्या डाव लिफ्टवर गेलं.

भगवानराव : तू मधात नको बोलू. हं, धम्मशीला. पेन देऊ?

धम्मशीला : द्या. करते सही.

भगवानराव : हे झालं पोरीवानी काम.

धम्मशीला : बाबा, एक खुर्ची आणा आणि चौथ्या खांबाजवळ मांडा. पंखाच्या बुडाशी. हं, तिथंच. काका, तुम्ही अर्धा तास त्या खुर्चीवर बसा. निवांत चहा घ्या. तुम्ही उठले की मी सही करते.

भगवानराव : मी कशाले?

धम्मशीला : उद्या तिथं सोयरे बसणार आहेत ना.

भगवानराव : मले हजार कामं हायेत. आचारी हाये, माळावाले येतील... सहदेव बसंन ना. तो तं रोजच बसते तिथं. बस गा, सहदेव.

सहदेव : बसतो, मालक.

धम्मशीला : बाबा, उठा.

सहदेव : थांब, बाई. मालक खोटं नाही बोलून राह्यले. दोन महिने झाले, मी हितंच बसतो, हितंच भाकर खातो. पण तवा ओंडका होता.

धम्मशीला : कसला ओंडका?

सहदेव : बाभळीचा. कुत्रं बसत नाही अन् वरून कोणी ध्यान देत नाही, मंग म्या ओंडका तोडून आणला, मापाचा. विमान वर गेलं का त्या कोपऱ्याखाली उभा करून द्यायचो. कुत्र्याचं काम ओंडका करे. आत्ता काई तो दिसून नाही राह्यला. मालक, ओंडका कुठी गेला?

भगवानराव : कोणता? तो काळा, वाकडा? त्याले काल काढून टाकलं. फोटोवाला येऊन पाहून गेला, तो म्हणे, काका, पोरा-पोरीच्या बरोबर मधात हा बुडखा येते.

सहदेव : काढून कुठी ठेवला?

भगवानराव : पुंजाजी आचारी सकाळपासून बोंबलून राह्यला होता, लाकडं कमी पडून राह्यले म्हणून. बुंदी चालू हाये ना.

सहदेव : चुलीत घातला?

भगवानराव : वाळलेला होता. मस्त पेटला म्हणे.

धम्मशीला : म्हणजे आत्ता तो कोपरा नुसत्या तेलावर आहे. बाबा, आता उठा. खुर्ची राहू द्या, तुम्ही उठा.

सहदेव : उठलो, बाई.

(वरून 'खट्' असा आवाज येतो. चौथा कोपरा वीतभर खाली येतो आणि विमानाचा पंख उद्यासाठी लावलेल्या 'सुस्वागतम्'च्या थर्माकोलात शिरतो.)

धम्मशीला : लागलं का, बाबा?

सहदेव : नाही. 'सु' गेला फक्त. मालक, तुम्ही उन्हात काऊन गेले? या ना आत.

भगवानराव : मले... फोन आल्ता.

धम्मशीला : फोन तुमचा इथं टेबलावर आहे, काका.

भगवानराव : मंग तो भास झाला असंन. कोणी पाह्यलं तं नाही? सोयऱ्यांचं कोणी आलं नाही ना अजून?

सहदेव : कोणी नाही. तुम्ही त्या निंबाखाली बसा जरा, दम लागला तुम्हाले. ते तांबडं कुत्रं थोडं सरकंन.

भगवानराव : हे इकडं कसं आलं? याले तं धामणगावाले सोडलं होतं.

सहदेव : सकाळीच आलं. मी म्हटलं, चाल आत, सावलीत बस. तं हँगरच्या दारापर्यंत आलं, वर पाह्यलं अन् निंबाखाली जाऊन बसलं.

धम्मशीला : बाबा, ट्रॅक्टरचा जॅक आणा आणि जाड फळ्या. आधी तो कोपरा खालून धरू. मग विमान सावकाश खाली उतरवू. काका, उद्या या लिफ्टखाली कोणी जायचं नाही. मी लाल पाटी लावते.

भगवानराव : लाल पाटी? साखरपुड्यात? अन् चारशे कार्डाचं काय करू मी? गावात हसं होईन.

धम्मशीला : हसू द्या. हसायला लोक जिवंत तर राहतील.

भगवानराव : थांब, थांब. असं करू. सोयऱ्यांची पंगत मांडू इकडं निंबाखाली. अन् विमानाखाली आपलेच लोक बसवू. म्हणजे कार्डही खोटं नाही अन् फोटोही निघंन. आपले लोक समजून घेतात.

धम्मशीला : कोणते आपले लोक?

भगवानराव : आता वावरात कामाले येतात ते. गड्यांच्या घरचे. सहदेव, तुमच्या घरचेही येतील, जनकाबाईले घेऊन ये. पयल्या पंगतीत बसवतो. मानानं.

धम्मशीला : आईला?

भगवानराव : मानानं म्हटलं मी.

धम्मशीला : मघाशी घरची मी होते. तेव्हा नुसती सही पाहिजे होती. आता घरची आई झाली, तर तिला थेट चौथ्या खांबाखाली बसवून राह्यले तुम्ही.

भगवानराव : शब्दात नको पकडू मले. सरळ इचारतो. सही देतं का नाही?

धम्मशीला : नाही.

भगवानराव : मंग पंधरा दिवसाले येण्याचीही गरज नाही. इंजिनिअर काय नागपुरात एकच हाये? अन् सहदेव, तूही पाहून घे आपलं. पोरीले समजून सांग. बारा वर्षं झाले तुले इथं.

धम्मशीला : बाबांना यात घेऊ नका, काका.

सहदेव : घेऊ दे, बाई. म्या पाहून घेतलं, मालक. ही लिफ्टची किल्ली. विमान खाली उतरवतो अन् मंग देतो तुमच्या हातात. तसंच अधांतरी सोडून नाही जात. अमडापूरचं दुकान हाये अजून. हवा भराचा पंप लटकून हाये भिंतीले. कुत्रे बसवता येतात मले, तेवढं पुरते.

भगवानराव : अन् उद्या विमान बाहेर कोण काढंन?

सहदेव : ते नव्या माणसाले इचारा.

भगवानराव : नवा माणूस उद्या सकाळी नऊले कुठून आणू मी? वावरातलं ते एक अन् हे एक, दोन्ही सोयऱ्यांसमोर अशी चकाचक उभी पाह्यजेत. तुह्याबिगर कोणी हात नाही लावत त्यायले.

सहदेव : तं मंग किल्ली ठेवू माह्यापाशी?

भगवानराव : ठेव. म्या काय दे म्हटलं होतं का? माणूस रागात बोलते. धम्मशीला, तूही... परवा ते नवं कुत्रं बसवून जाय.

धम्मशीला : लेखी द्या, काका.

भगवानराव : देतो. अन् कार्डाचं काय करू, ते तं सांग. 'विमानाखाली' छापून बसलो मी.

धम्मशीला : दारात एक पाटी लावा. 'खाली' खोडा, 'बाजूला' लिहा.

भगवानराव : विमानाबाजूला. वाचाले बरं नाही वाटत.

सहदेव : बसाले बरं वाटते, मालक.

भगवानराव : बरं, बरं. जॅक आणा. थर्माकोलवाल्याले फोन करतो, 'सु' नवा करून आण म्हणून. अन् एक आयक, सहदेव. हे जे आत्ता झालं, ते रजिस्टरात लिहू नको. उद्या तो भाचा येऊन पाने पालटवंन.

सहदेव : ल्ह्यलं, मालक. तुम्ही निंबाखाली होते तवाच ल्ह्यलं.

भगवानराव : काय लिहिलं?

सहदेव : 'चौथ्या खांबाचं कुत्रं बसत नाही.'

भगवानराव : ते तं जुनंच हाये. चालते.

सहदेव : त्याच्याखाली एक ओळ वाढवली.

भगवानराव : कोणती?

सहदेव : 'मालकही बसत नाहीत.'