जऊळक्याचं हॉकीचं मैदान

मैदान कसं निवडतात, ते मले इचारा! कॉलेजांच्या हॉकीचे सामने कुठं घ्याचे हे ठरवाले आमी जऊळक्याले गेलो होतो. कमिटीचे साहेब पुढं, अन् मोजायची दोरी घेऊन मी मांगं. ठेसनावर कापडवाले शेठजी हात जोडून उभे.

मी म्हनलं, "शेठजी, आधी मैदान दाखवा."

"दाखवतो ना! पण आमी जैन मानसं. दिवस बुडाल्यावर आमच्या घरी ताट लागत नाही. आधी जेवून घ्या."

साहेबानं दोडक्याची भाजी मागून मागून खाल्ली. हात धुतले, तं बाहेर अंधार. ढेकर देत साहेब म्हणाले, "मैदान काय पाहायचं? माणसं चांगली आहेत. जऊळका पक्कं!"

सामन्याच्या दिवशी साऱ्या कॉलेजांचे पोट्टे स्टिका घेऊन उतरले. पाह्यतो तं वावरभर दोडक्याचे मांडव!

शेठजी म्हने, "जागा हेच. पण माळी म्हनते, अजून दोन तोडे दोडके निघतीन, मंग मांडव काढतो."

मी साहेबाले म्हनलं, "आता कसं कराचं?"

साहेबानं एक दोडका तोडला, नखानं दाबून पाह्यला अन् म्हणाले, "तरीच त्या दिवशी भाजी एवढी कोवळी होती!"